ऑन्टॅरिओत फ्रेंच घेऊन उतरताय? आधी शाळा ठरवा

परवा नाशिकहून एका मुलीचा फोन आला. ‘ताई, आमचं पी.आर., म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, झालं. ऑटवात घर कुठल्या भागात बघू?’ मी विचारलं, ‘मुलगा केवढा?’ म्हणाली, ‘साडेचार वर्षांचा.’ ‘मग घराचं मागाहून. आधी शाळा कुठली, ते ठरव.’

दोघा नवरा-बायकोंनी रात्री जागून फ्रेंच केलं, टेफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा दिली, चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली आणि फ्रेंचच्या फेरीत त्यांचा नंबर लागला. २०२३ पासून एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या स्थलांतर योजनेत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळी फेरी निघते, त्यामुळे असे फोन मला आता नेहमी येतात. क्यूबेकबाहेर स्थायिक होणाऱ्या नव्या लोकांत फ्रेंच भाषकांचं प्रमाण हळूहळू १० टक्क्यांच्या पुढे न्यायचं सरकारने ठरवलंय.

मी स्वतः पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि बरीच वर्षं ऑटवात राहते. इथे माझ्या ओळखीची जी फ्रेंच बोलणारी नवी कुटुंबं आहेत, ती बहुतेक कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, काँगो, हैती नाहीतर अल्जीरियाची. त्यांच्यासोबत फॉर्म भरताना आणि शाळांचे उंबरे झिजवताना एक गोष्ट पक्की कळली. इथे फ्रेंच हक्काची आहे, पण ती मागावी लागते. न मागणाऱ्याला इंग्रजी मिळते, आणि पाच-सहा वर्षांत घरातली फ्रेंच जाते. असं झालेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. इथले नियम ऑन्टॅरिओचे आहेत. इतर प्रांतांत तपशील बदलतात.

पहिली पायरी : चार व्यवस्था समजून घ्या

ऑन्टॅरिओत सरकारी पैशावर एक नव्हे, चार शाळाव्यवस्था चालतात: इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक आणि फ्रेंच कॅथलिक. शाळा चालवणारी एकूण ७२ बोर्डं आहेत, त्यांतली १२ फ्रेंच. ही १२ बोर्डं आजच्या रूपात १९९८ मध्ये उभी राहिली. चार पब्लिक, आठ कॅथलिक. ऑटवात पब्लिकचं सेपेओ आणि कॅथलिकचं से-ए-से-से-ए. टोरांटोकडे व्हियामोंद आणि मोनाव्हनिर. फी कुठेच नाही. कॅथलिक बोर्डाच्या हायस्कूलला धर्माची अट नसते. प्राथमिकला बोर्डागणिक नियम बदलतो, तो फोन करून विचारा.

आता सगळ्यात मोठा घोटाळा. इमर्शन म्हणजे फ्रेंच शाळा नव्हे. इमर्शनची सुरुवात १९६५ मध्ये माँट्रियालजवळच्या सें-लांबेर गावी झाली. आपल्या मुलांना फ्रेंच यावी म्हणून तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी ती करवून घेतली. आजही इमर्शन चालतं ते इंग्रजी बोर्डाच्या शाळेत आणि इंग्रजी घरातल्या मुलांसाठी. वर्गात फ्रेंच असते; मैदानात, बसमध्ये, ऑफिसात आणि घरी येणाऱ्या पत्रात इंग्रजी. उलट फ्रेंच शाळेत गणित फ्रेंचमध्ये, खेळाचा तास फ्रेंचमध्ये, मुख्याध्यापिकेचं पत्रही फ्रेंचमध्ये.

घरी फ्रेंच बोलणारं, आयव्हरी कोस्टच्या आबिजानचं मूल इमर्शनला घातलं, की ते ‘बोंजूर’ शिकणाऱ्या मुलांशेजारी बसतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. घराजवळच्या शाळेत त्यांनी ‘फ्रेंच आहे का’ एवढंच विचारलं, ‘हो’ ऐकलं आणि सही करून आल्या. दीड वर्षाने मुलगी आईला इंग्रजीतून उत्तरं देऊ लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. फोनवर विचारायचा प्रश्न असा: ‘तुमची शाळा फ्रेंच बोर्डाची की इंग्रजी बोर्डाची?’

मराठी घरांनी इथे थोडा विचार करावा. आई-बापांपैकी एकालाही शाळेचं पत्र फ्रेंचमध्ये वाचता येत नसेल, तर फ्रेंच शाळा मुलाला आणि घराला दोघांनाही जड जाते; तिथे इमर्शन चांगलं. पण टेफ देऊन आलेल्या माणसाला हे पत्र वाचता येतं. त्याने घाबरायचं कारण नाही.

दुसरी पायरी : प्रवेश

हक्क कुणाचा, ते आधी सांगते. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतल्या २३ व्या कलमाने अल्पसंख्य भाषेतून शिक्षणाचा हक्क दिला, तो कॅनडाच्या नागरिकांना. ज्या नागरिकाची पहिली भाषा फ्रेंच आहे आणि अजून समजते, ज्याचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमधून झालंय, किंवा ज्याचं एखादं मूल कॅनडात फ्रेंच शाळेत शिकतंय वा शिकलंय, तो हक्कदार. इमर्शनमधून हा हक्क तयार होत नाही. नुकत्याच आलेल्या माणसाकडे नागरिकत्व नसतं, म्हणजे कागदावर तो हक्कदार नाही, मग तो फ्रेंच जन्मापासून बोलत का असेना.

याचा अर्थ दार बंद आहे असा मुळीच नाही. ऑन्टॅरिओत हक्कदार नसलेल्यांसाठी प्रवेश समिती असते. तिच्यावर शाळेचे मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि बोर्डाचा एक अधिकारी असतो. अर्ज करा, ती बोलावते. मुलाचा जन्मदाखला, पी.आर. किंवा परमिटचे कागद, भाडेकरार किंवा विजेचं बिल, लसीकरणाचं कार्ड आणि आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. टेफचा निकाल कुणी मागत नाही, पण जवळ असू द्या.

आमची भेट मला काल झाल्यासारखी आठवते. फेब्रुवारी होता. बुटांचा बर्फ दारातल्या चटईवर वितळत होता. मुख्याध्यापिका खुर्चीवरून उठल्या, माझ्या मुलीसमोर गुडघ्यावर बसल्या आणि फ्रेंचमध्ये विचारलं, ‘आज सकाळी काय खाल्लंस?’ मुलगी म्हणाली, ‘दे पोहे.’ त्यांनी विचारलं, ‘म्हणजे कसं असतं ते?’ तिने अडखळत, हातांनी दाखवत सांगितलं की ते पिवळं असतं आणि त्यावर लिंबू पिळतात. लिंबाला फ्रेंच शब्द तिला आठवला. बाईंनी तिचं पुरतं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळल्या: ‘घरी फ्रेंच कोण बोलणार?’

या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. मी सांगितलं, घरात मराठीच बोलतो आणि ती सोडणार नाही; पण रोज रात्री फ्रेंच गोष्ट वाचते, गृहपाठ मी घेईन, शाळेच्या कामाला येईन. त्यांना हवं होतं ते हेच. समिती मुलाची परीक्षा घेत नाही. हे कुटुंब शाळेच्या भाषेला धरून राहील का, एवढं बघते. नकार आलाच तर खचू नका, दुसऱ्या फ्रेंच बोर्डाकडे अर्ज करा. प्रश्न नुसता ऑन्टॅरिओचा नाही. उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये हक्कदार नसलेल्या काही पालकांना मंत्र्यांनी प्रवेश नाकारला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला.

एकदा मूल फ्रेंच शाळेत रुजलं आणि पुढे तुम्ही नागरिक झालात, की २३ व्या कलमाचा हक्क तुमचा होतो, धाकट्या भावंडांसकट. म्हणून पहिल्या वर्षाचा निर्णय एवढा मोलाचा.

वयाचं गणित सोपं आहे. ३१ डिसेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण होत असतील, तर मूल त्या सप्टेंबरपासून ‘मातेर्नेल’मध्ये जातं, पुढच्या वर्षी ‘जार्दें’मध्ये. दोन्ही वर्ग पूर्ण दिवसाचे आणि मोफत. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. मोठं मूल असेल आणि त्याची फ्रेंच कच्ची असेल, तर ‘आलेफ’ नावाचा भाषेचा आधारवर्ग मागा. शिक्षणातच खंड पडला असेल, तर नवागतांसाठीचा ‘पाना’. ही नावं पाठ करून जा. नाव घेऊन मागितलं की काम लवकर होतं.

लसींचं मात्र आजच बघा. गोवर, गालगुंड, रुबेला, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ आणि मेनिंजायटिस यांच्या नोंदी लागतात, २०१० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. नोंद शाळेत नव्हे, शहराच्या पब्लिक हेल्थ खात्याकडे द्यायची. ती न दिल्यास ठरावीक मुदतीनंतर मुलाला शाळेतून तात्पुरतं घरी बसवतात.

इथले फ्रेंच लोक भाषेसाठी इतके हळवे का

हे माहीत असलं की शाळेतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९१२ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने ‘नियम १७’ काढला. शाळेत पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंचमधून शिकवायला बंदी. ऑटवाच्या मरी स्ट्रीटवरच्या गिग शाळेत देलोज आडनावाच्या दोन तरुण बहिणी, बेआत्रिस आणि दियान, तरीही शिकवत राहिल्या. जानेवारी १९१६ मध्ये त्यांना हटवायला माणसं आली, तेव्हा मुलांच्या आया टोपीला लावायच्या लांब टाचण्या आणि घरातली हाताला लागेल ती हत्यारं घेऊन दारात उभ्या राहिल्या. शाळा त्यांनी राखली. १९२७ मध्ये नियमाची धार गेली, आणि प्रांताने त्याबद्दल माफी मागितली ती थेट २०१६ मध्ये.

गिग शाळेची गोष्ट मला पहिल्यांदा शाळेच्या सेक्रेटरीने सांगितली, फॉर्मवर शिक्का मारता मारता. तिची पणजी तिथल्याच वस्तीतली.

म्हणूनच २५ सप्टेंबरला मुलाला हिरवे-पांढरे कपडे घाला. फ्रँको-ऑन्टॅरिअन झेंडा त्याच रंगांचा, लिलीचं आणि ट्रिलियमचं फूल असलेला. १९७५ मध्ये याच तारखेला तो सडबरीत पहिल्यांदा फडकला. प्रांतात साडेसहा लाखांच्या घरात फ्रेंच भाषक आहेत, दर शंभरांत पाच जणही नाहीत. त्यातलं एखादं मूल त्या दिवशी निळ्या स्वेटरमध्ये आलं, तर त्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

शाळेची यादी फ्रान्सच्या शब्दकोशातून वाचू नका

ऑगस्टमध्ये सामानाची यादी येते. माझी शेजारीण कॅमेरूनमधल्या याउंडेची, फ्रेंच तिची अगदी अस्खलित. यादीत ‘चार कार्ताब्ल’ लिहिलं होतं. तिने चार दप्तरं आणली आणि एवढी कशाला म्हणून काळजीत पडली. फ्रान्समध्ये आणि तिच्याकडे कार्ताब्ल म्हणजे दप्तर. इथे कार्ताब्ल म्हणजे रिंगांची जाड फाईल. खोडरबराला इथे ‘एफास’ म्हणतात; ‘गोम’ म्हटलं तर मुलांना च्युइंगम आठवतं. ‘एस्पाद्रीय’ म्हणजे खेळाचे बूट, दोन जोड लागतात, त्यातला एक शाळेतच राहतो. ‘त्युक’ कानटोपी, ‘मितेन’ बोटं एकत्र असलेला हातमोजा. पाच बोटांचे मोजे चार वर्षांच्या मुलाला देऊ नका, सुट्टी मोजे घालण्यातच संपते.

जेवणाची नावंही सरकलेली आहेत. ‘देजने’ सकाळची न्याहारी, ‘दिने’ दुपारचं जेवण, ‘सुपे’ रात्रीचं. ‘दिने’ला बोलावलं असेल तर दुपारी बाराला जा. मधल्या खाण्याला ‘कोलासियों’ म्हणतात. डब्यात शेंगदाणा आणि काजू चालत नाहीत, म्हणून साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय द्यावी लागते. माझी मुलगी थालीपीठ नेते, त्याबद्दल आजवर कुणी एक शब्द काढलेला नाही.

फ्रेंच शाळा कमी आणि लांब लांब असतात, त्यामुळे पिवळ्या बसचा प्रवास मोठा. घर ठरवण्याआधी बोर्डाच्या वाहतूक विभागाला तुमचा पत्ता सांगून बस येते का, ते विचारा. हिवाळ्यात सकाळी सहाच्या सुमाराला निरोप येतो: बस रद्द, शाळा चालू. म्हणजे मूल तुम्ही सोडायचं, नाहीतर घरी ठेवायचं. ऑफिसला पहिल्याच महिन्यात याची कल्पना देऊन ठेवा.

इंग्रजीची भीती

‘मूल फ्रेंच शाळेत गेलं तर इंग्रजीत मागे पडेल’, हे मी हैतीच्या बापाकडून ऐकलंय आणि ठाण्याच्या आईकडूनही. हे भय खरं नाही. फ्रेंच शाळेतही इंग्रजी हा सक्तीचा विषय आहे, नव्याने आलेल्यांसाठी ‘नवशिक्यांचं इंग्रजी’ वेगळं. बारावीनंतर मिळणारा डिप्लोमा तोच, ३० क्रेडिटांचा आणि ४० तासांच्या समाजसेवेचा. विद्यापीठ फरक करत नाही. इंग्रजी रस्त्यावर आहे, हॉकीच्या मैदानावर आहे, आजूबाजूला सगळीकडे आहे. ते आपणहून येतं.

धोका उलट्या बाजूने आहे. पाचवी-सहावीत मुलं वर्गात फ्रेंच आणि व्हरांड्यात इंग्रजी बोलू लागतात. तेव्हा शाळेबाहेर फ्रेंचला जागा करून द्यावी लागते: वाचनालयातली गोष्टींची वेळ, टीएफओ वाहिनी, उन्हाळ्यातलं फ्रेंच शिबिर, एखादा फ्रेंच मित्र. माझ्या मावशीचं घर इंदूरचं. तिथे मराठी आजही छान बोलतात, पण शाळा हिंदीतून झाल्याने धाकटी पिढी मराठी पुस्तक हातात घेत नाही. शाळा नसली की भाषा स्वयंपाकघरात राहते. इथल्या फ्रेंच घरांचं तेच होतं.

आणि घरातली मराठी किंवा लिंगाला, वोलोफसारखी आफ्रिकी भाषा अजिबात बंद करू नका. आमच्या शाळेतल्या बाईंनी मला पहिल्याच पालकसभेत हे बजावलं होतं.

आई-बापांना इंग्रजी हवं असेल तर पी.आर. झाल्यावर केंद्र सरकारचे वर्ग मोफत आहेत. नागरिकत्व मिळालं की त्या वर्गांना बसता येत नाही, म्हणून टाळू नका.

रोजचे व्यवहार

केंद्र सरकारच्या कार्यालयात सोशल इन्शुरन्स नंबर काढताना, कर खात्यात, बालभत्त्याच्या अर्जात, जिथे जिथे ‘पसंतीची भाषा’ विचारतात तिथे फ्रेंचवर खूण करा. मागणी मोजली जाते ती अशाच खुणांनी. हेल्थ कार्डसाठी पूर्वी तीन महिने थांबावं लागे. ती अट २०२० मध्ये गेली, तेव्हा आल्या आठवड्यातच जा. गाडीच्या लायसन्सची लेखी परीक्षा फ्रेंचमध्ये देता येते.

प्रांताच्या कार्यालयांत फ्रेंच सेवेचा कायदा १९८६ चा, पण तो नेमून दिलेल्या भागांत लागू होतो. ऑटवा, टोरांटो, हॅमिल्टन, सडबरी, मिसिसागा, ब्रॅम्प्टन त्यात आहेत. २०२३ पासून कर्मचाऱ्याने स्वतःहून फ्रेंचमध्ये विचारायला हवं. प्रत्यक्षात खिडकीपलीकडचा माणूस इंग्रजीत सुरू होतोच. तुम्ही शांतपणे ‘बोंजूर’ म्हणा आणि थांबा. तो सहकाऱ्याला बोलावतो. पाच-दहा मिनिटं जातात, ती जाऊ द्या. खासगी दुकानांवर मात्र अशी सक्ती नाही, तिथे वाद घालू नका.

दुखण्याखुपण्यात भाषा सगळ्यात जास्त लागते. ८११ वर नर्स फ्रेंचमध्ये बोलते. डॉक्टरांच्या नोंदवहीत भाषेप्रमाणे शोध घेता येतो. ऑटवात माँफोर्ट रुग्णालय आहे, जिथे कामकाजच फ्रेंचमध्ये चालतं. १९९७ मध्ये ते बंद करायचा आदेश निघाला होता. व्हानिएच्या माजी महापौर जिझेल लालोंद पुढे झाल्या, २२ मार्चला दहा हजार माणसं जमली, आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने रुग्णालय राखलं. माझ्या शेजारणीची सासू तिथे दाखल होती. म्हातारीला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण कुठे दुखतंय ते तिने नर्सला स्वतः सांगितलं. आधीच्या दवाखान्यात तेच बारा वर्षांच्या नातवाला सांगावं लागलं होतं, आणि काही गोष्टी तिने त्याच्यासमोर सांगितल्याच नव्हत्या.

नोकरीचं थोडक्यात. ऑटवात केंद्र सरकारच्या पदांना वाचन, लेखन, बोलणं अशा तीन अक्षरांनी भाषेची पातळी ठरते, बीबीबी किंवा सीबीसी; जाहिरातीत ती अक्षरं बघा. फ्रेंच बोर्डांना शिक्षकांची कायम चणचण असते, तेव्हा शिकवण्याची पदवी असेल तर प्रांताच्या शिक्षक परिषदेकडे नोंदणीचे कागद लगेच सुरू करा. सगळं फ्रेंचमध्येच करता येतं.

नागरिक झालात की

शपथ घेऊन झाल्यावर हे एक काम बहुतेक जण विसरतात. ऑन्टॅरिओत दर चार वर्षांनी ऑक्टोबरात नगरपालिकेबरोबर शाळाबोर्डाचीही निवडणूक होते. तुम्ही काही कळवलं नाही, तर तुमचं नाव इंग्रजी पब्लिक बोर्डाच्या यादीत पडतं. मूल फ्रेंच शाळेत, आणि मत मात्र दुसऱ्या बोर्डाला. मालमत्तांचं मूल्यांकन करणाऱ्या प्रांतिक संस्थेकडे शाळा-समर्थनाचा एक छोटा अर्ज असतो. त्यात ‘फ्रेंच पब्लिक’ किंवा ‘फ्रेंच कॅथलिक’वर खूण करायची. भाडेकरूही तो भरू शकतात. माझ्या शेजारणीने आणि तिच्या नवऱ्याने तो आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर एकाच दिवशी भरला, तिने पब्लिकचा आणि त्याने कॅथलिकचा. दोघं एका घरात राहूनही तसं करू शकतात.